म्हातारी अडवायची जाळी : आमच्या सेप्टिक टाकीच्या नोंदी

१५ डिसेंबर २०२४, रविवार

संडासात पाणी ओतलं की आधी वर चढतं, मग गुडगुडत सावकाश उतरतं. तीन दिवस हेच चाललंय. बांबू घालून झाला, ॲसिडही ओतून झालं. ॲसिड ओतायला नको होतं, टाकीतले जिवाणू त्यानं मरतात हे मी वर्गात शिकवते. पण निफाडच्या डिसेंबरात पहाटे बाहेर रांग लागली की शिकवलेलं कोणाला आठवतं?

घराची माहिती एकदाच लिहून ठेवते. मळ्यातलं घर, माणसं सात. टाकी २०११ सालची, विटांची, दोन कप्प्यांची. आतून ८ फूट बाय ४, पाण्याची खोली ५ फूट, म्हणजे साधारण साडेचार हजार लिटर. तिच्यापुढे ५ फूट व्यासाचा, १० फूट खोल शोषखड्डा. जमीन काळी. तेरा वर्षांत टाकी एकदाही उपसली नव्हती आणि पाहुण्यांना हे अभिमानानं सांगितलं जायचं.

आज उपसायची गाडी बोलावली. झाकण काढून तासभर वारं लागू दिलं, पोरांना लांब पिटाळलं, विडीकाडी पेटवायची नाही म्हणून सगळ्यांना बजावलं. शेजारच्या वस्तीवरचे एक जण म्हणाले, "माणूस उतरवा की आत, स्वस्तात पडेल." ह्यांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे. कायदा नसता तरी आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त असला तर वास येणंच बंद होतं आणि दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही मग त्याच्यामागे जातो.

गाडीवाल्यांनी आधी पाइप सोडला नाही. लांब आकडा घालून टाकीच्या बाहेर जाणाऱ्या टोकाशी चाचपलं आणि तिथल्या टी-पाइपातून करड्या रंगाची एक लादी ओढून काढली. भिजलेल्या घोंगडीचा तुकडाच जणू. घमेल्यात टाकली तेव्हा फत्तकन आवाज झाला.

"ताई, ही टाकी मैल्यानं नाही भरली," ते म्हणाले, "कपड्यानं भरलीय."

सासूबाई पदर नाकाला लावून ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "ही तर म्हातारी." रुईचं बोंड फुटलं की कापूस उडतो, पोरं त्याच्यामागे धावतात, ती म्हातारी. लिंटला, म्हणजे धुताना कपड्यांतून सुटणाऱ्या धाग्यांच्या पुंजक्याला, याहून चांगला शब्द मला सुचलेला नाही. इथून पुढे नोंदींत तोच.

१७ डिसेंबर २०२४

लादीचा एक कोपरा धुऊन, गच्चीवर वाळवून शाळेत नेला. सूक्ष्मदर्शकाखाली दोन जातीचे धागे स्पष्ट दिसले. सुती धागा पीळ दिलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. पॉलिएस्टरचा काचेच्या कांडीसारखा सरळ आणि गुळगुळीत. मधूनमधून केस. त्यातला एक सासूबाईंचा, मेंदी लावलेला.

जाळूनही पाहिलं. चिमट्यात धरलेला पुंजका अर्धा कागदासारखा भुरभुर जळून राख झाला आणि उरलेल्याचा काळा, कडक मणी बनला. राख झाली ती सुताची, मणी झाला तो पॉलिएस्टरचा. सूत टाकीत कधीतरी कुजेल, कारण ते सेल्युलोज आहे आणि जिवाणू त्याला सावकाश का होईना खातात. मण्याला मात्र कोणी तोंड लावत नाही.

टाकीत तीन थर असतात. वर तेलातुपाची साय, तळाशी गाळ, मधे त्यातल्या त्यात नितळ पाणी. बाहेर जातं ते हे मधलं पाणी. म्हातारी जड नाही की हलकी नाही, ती मधेच तरंगत राहते. त्यामुळे साय आणि गाळ जागच्या जागी राहतात आणि ही पाण्याबरोबर शोषखड्ड्याच्या वाटेला लागते.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

पाणी नक्की कुठून येतं त्याचा शोध. होळीचा उरलेला हिरवा रंग धुण्याच्या यंत्रात टाकून नुसतं चालवलं आणि एकेक चेंबर उघडून बसलो. दहा मिनिटांत संडासाच्या चेंबरात हिरवं पाणी! न्हाणी आणि मोरीचं पाणी पूर्वीपासून वेगळं जातं, केळीला. पण सात वर्षांपूर्वी यंत्र आलं तेव्हा जवळ पडतो म्हणून प्लंबरनं त्याचा पाइप संडासाच्या लाइनीला जोडून दिला. आम्ही चहा देऊन त्याचे आभारही मानले होते.

त्याआधी धुणं दगडावर व्हायचं. म्हातारी तेव्हाही निघतच असेल, पण ती केळीच्या आळ्यात पडायची आणि कोणाच्या वाटेत यायची नाही.

मापं घेतली, वीस लिटरच्या बादल्या मोजून. एका धुण्याला सात बादल्या, म्हणजे १४० लिटर. साबणाचं पहिलं पाणी ४५ लिटर, ते सव्वादोन मिनिटांत बाहेर पडतं. आठवड्याला नऊ धुणी. दिवसाची सरासरी काढली तर टाकीला हे काही जड नाही. त्रास त्या सव्वादोन मिनिटांचा आहे. एकदम लोंढा आला की तळाचा गाळ ढवळला जातो आणि म्हातारीबरोबर तोही बाहेर पडतो. जाऊ रविवारी एकामागोमाग चार धुणी लावते.

तूर्त ठरलं ते एवढंच : एका दिवशी दोनच धुणी. जाऊला हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, "रविवारी मला मोकळीक असते, तुमच्या टाकीला नसते का?"

२९ डिसेंबर २०२४, रविवार

यंत्राच्या ड्रममध्ये बाजूला एक छोटी जाळीची पिशवी असते. आमचीला तळाशी बोटभर भोक, आणि ते कधीपासून आहे ते देवाला ठाऊक. नवी आणून बसवली. आठवड्याची म्हातारी वाळवून शाळेच्या तराजूवर तोलली : ६ ग्रॅम.

लेक म्हणाली, ड्रममध्ये टाकायचा, धागे धरणारा चेंडू मिळतो, तो मागवू. तो राहू दे म्हटलं. टोरंटोच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा गोष्टी तपासून पाहिल्या होत्या. चेंडूनं २६ टक्के धागे धरले, यंत्राच्या बाहेर जोडलेल्या गाळणीनं ८७ टक्के. मग गाळणीच करायची.

५ जानेवारी २०२५, रविवार

पाइपाच्या तोंडाला नायलॉनचा लांब मोजा, वरून रबर. पहिलं धुणं ठीक. दुसऱ्याला मोजा भोपळ्याएवढा फुगला. तिसऱ्याला रबरासकट उडाला आणि चेंबरात गेला. तो अजून सापडलेला नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

ह्यांच्या डोळ्यांत चमक. "गाळणीच पाहिजे ना? द्राक्षाला काय लावलंय मग?" शेडमधून ठिबकचा जुना स्क्रीन फिल्टर काढला, १२० मेशचा, म्हणजे इंचाला १२० छिद्रं. धुतला, पुसला, रिड्यूसर लावून यंत्राच्या पाइपाला जोडला. दिसायला झकास. दोघा भावांनी त्याचा फोटोही काढला.

यंत्र चालू केलं, साबणाचं पाणी सोडायची वेळ झाली आणि फिल्टरातून करंगळीएवढी धार लागली. सव्वादोन मिनिटांचं पाणी वीस मिनिटं झाली तरी ड्रममध्येच. शेवटी यंत्रानं पी-पी करून काम सोडलं.

याचं कारण आधीच सुचायला हवं होतं. ठिबकला मोटार असते. तिथे एक-दोन किलोचा दाब असतो, आणि एक किलो म्हणजे दहा मीटर उंचीवरून येणारं पाणी. आमच्या वरून कपडे टाकायच्या यंत्राला पाणी फेकणारा पंपच नाही. खाली एक झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनानं उतरतं. ड्रममध्ये पाणी दीड फूट. एवढ्याशा जोरावर १२० मेशमधून साबणाचं पाणी जाणार कसं? समोरून कपडे टाकायच्या यंत्रांना पंप असतो, तिथे कदाचित जमेल. पण पंपाला अडथळा केला तर तोही किती दिवस टिकेल, शंकाच.

दीर म्हणाले, "मधे अर्ध्या एचपीची मोटार टाकू." त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्यात आलं आहे.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदनाहून आल्यावर कामाला लागले. दाब नाही तर उंची वापरायची. घराचं जोतं दोन फूट उंच. न्हाणीच्या मागच्या भिंतीला भोक पाडून यंत्राचा पाइप बाहेर काढला की खाली बादली ठेवायला आयती जागा मिळते.

रचना अशी. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, तिच्या तळाला आणि खालच्या निम्म्या अंगाला भोकं. आत जाळीची पिशवी, काठावरून बाहेर उलटी दुमडून सुतळीनं आवळलेली. ही बादली एका मोठ्या टपात. टपाच्या तळातून तीन इंची पाइप चेंबराकडे. बादलीच्या काठालगत एक जास्तीचा पाइप, पिशवी तुंबली तर पाणी तिथून निघून जावं म्हणून. (या पाइपाबद्दल पुढे लिहिते आहे. तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला होता.)

जाळी कुठे मिळाली ते इतरांच्या सोयीसाठी : लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे. स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटीवर ताणतात तेच नायलॉनचं कापड, आणि नंबरवार मिळतं. मात्र नंबर इंचातला की सेंटिमीटरमधला ते विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं, पहिला तुकडा भलताच बारीक निघाला. पिशव्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडून शिवून घेतल्या. साध्या शिलाईच्या भोकांतून धागे निसटतात, म्हणून शिवण दोनदा दुमडून.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

तीन जाळ्या, प्रत्येकीवर काही धुणी. ड्रममधली पिशवी सगळ्या वेळी जागेवर, म्हणजे हे आकडे तिच्यातून निसटलेल्या म्हातारीचे.

४० मेश (छिद्र साधारण ४०० मायक्रॉन; हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर) : दर धुण्याला ०.४ ग्रॅम. पाणी बिनबोभाट जातं.

८० मेश (१८० मायक्रॉन) : दर धुण्याला १ ग्रॅम. सहा धुण्यांपर्यंत तुंबत नाही.

२०० मेश (७५ मायक्रॉन) : पहिल्या धुण्याला १.२ ग्रॅम, दुसऱ्याच धुण्याला बादली काठोकाठ. साबण आणि अंगाचं तेल मिळून बुळबुळीत साय धरते, ती आधी छिद्रं लिंपते.

म्हणजे ८० आणि २०० यांत फरक दोन दशांश ग्रॅमचा, आणि तेवढ्यासाठी धुण्यागणिक पिशवी बदलायची. ८० मेश कायम.

एक गोष्ट करून बघितल्यावरच कळली. पॉलिएस्टरचा धागा जाडीला वीस मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे १८० मायक्रॉनच्या छिद्रातून सरळ निघून जावा. पहिल्या धुण्याला जातोही. पण दोन धुण्यांनंतर जाळीवर म्हातारीचाच पातळ नमदा धरतो आणि पुढचे धागे तो अडवतो. जाळी फक्त त्याला आधार देते. म्हणून पिशवी अगदी लख्ख धुवायची नाही. नळाखाली तर मुळीच नाही, कारण नळाखाली धुतलं की अडवलेलं सगळं पुन्हा गटारात. पिशवी उलटी करून खिळ्याला टांगायची, वाळली की नमदा पापडासारखा सुटून येतो.

हिशेब : आठवड्याला ड्रममध्ये ६ आणि बादलीत ९, असे १५ ग्रॅम. वर्षाला पाऊण किलोच्या वर. सात वर्षांत साडेपाच किलो. सूत वजा केलं तरी एक उशी भरेल एवढं शोषखड्ड्याच्या भिंतींना लागलेलं असणार. ते आता निघणार नाही.

२३ मार्च २०२५, रविवार

पाच आठवडे नोंद नाही. द्राक्षांचा हंगाम. पहाटे चारपासून माल तोडायला माणसं, क्रेट, गाडीची वाट, दराची वाट. मला शाळेत परीक्षा. आज वेळ मिळाला म्हणून भिंतीमागे गेले.

पिशवी दगडासारखी घट्ट. वर हिरवट बुरशी. पाणी जास्तीच्या पाइपातून सरळ चेंबरात. किती दिवस? जाऊ म्हणाली, "मला काय माहीत? धुणं तर होतंय." बरोबर आहे. तुंबलं तरी कुठे अडू नये अशीच सोय मी केली होती. पाच आठवडे गाळणी असून नसल्यासारखी होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

मी जरा आवाज चढवला. म्हटलं, दर चौथ्या धुण्याला बघायचं ठरलं होतं ना? त्यावर तिनं हातातला पिळा खाली ठेवला.

"ताई, ठरलं कोणाचं? तुमचं आणि तुमच्या वहीचं. धुणं मी करते. पिशवी भिंतीमागे. घराला वळसा घालून, क्रेटांच्या चळतीतून, चिखलात उतरून मी दर चौथ्या धुण्याला वाकून बघू? माझ्यासमोर ठेवा, बघते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिने मी छिद्रं मोजत होते आणि ज्या बाईच्या हातात ते काम, तिला एकदाही विचारलं नव्हतं की बादली कुठे ठेवू.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर मिस्त्री दोन तासांसाठी आले. जाऊच्या देखरेखीखाली पुन्हा बांधणी.

यंत्र न्हाणीतच, पण आता दीड फूट उंच विटांच्या ओट्यावर. ओटा भरीव, कारण कपडे पिळताना यंत्र थरथरतं आणि पोकळ ओट्यावरून सरकतं. ओट्याशेजारी, तिच्या उजव्या हाताला, बादली. कपडे टाकायला ओट्यावर चढावं लागेल की काय अशी मला भीती होती. जाऊ म्हणाली, उलट कंबर वाकवावी लागत नाही, हे आधीच करायला हवं होतं.

जास्तीचा पाइप चेंबराला जोडलेला नाही. तो तिच्या पायाशी फरशीवर उघडा सोडला आहे. पिशवी तुंबली की साबणाचं पाणी थेट तिच्या पावलांवर. प्लंबर याला चूक म्हणेल. इथे तो मुद्दाम तसा आहे.

खिळा, जुना टूथब्रश आणि दुसरी वाळलेली पिशवी, तिन्ही हाताशी. वाळलेली म्हातारी कचऱ्याच्या डब्यात. लेकानं ती पाणी तापवायच्या बंबात पेटवणाला टाकून पाहिली. पेटते छान, पण वितळल्या प्लास्टिकचा वास घरभर. बंद केलं. कंपोस्टलाही नको, अर्धी पॉलिएस्टर आहे.

२० एप्रिल २०२५, रविवार

दुसरा प्रश्न : गाळलेलं पाणी पुन्हा सेप्टिक टाकीतच का सोडायचं? त्याला जंतूंची प्रक्रिया नको असते आणि टाकीत ते लोंढाच आणतं. वेगळं काढावं.

नवा शोषखड्डा घ्या, सगळे म्हणाले. नांदेड पॅटर्नच्या मॅजिक पिटचं उदाहरण दिलं, साधारण चार फुटी चौकोनी खड्डा, मधे भोकांची सिमेंटची टाकी, भोवती दगड. तिकडे गावंच्या गावं त्यानं गटारमुक्त झाली, खोटं नाही. पण आपली माती पाणी पिते का, ते आधी मोजू म्हटलं.

सेप्टिक टाक्यांसाठीच्या भारतीय मानक २४७०च्या दुसऱ्या भागात चाचणी दिली आहे. छोटा खड्डा घ्यायचा, कडा खरवडायच्या, तळाला बोटभर खडी, पाणी भरून रात्रभर माती मुरवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून ते २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. तीस मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठच्या दरम्यान असेल तर लांबट चर घ्यावा.

आमचं उत्तर : ४८ मिनिटं. काळ्या मातीनं काळ्या मातीसारखंच वागून दाखवलं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा असतात, म्हणून ती पाणी पिणार असं वाटतं. ओली झाली की फुगते आणि तोंड मिटते.

साबणाचं मला ह्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पावडरीत धुण्याचा सोडा आणि सोडियम सल्फेट, म्हणजे सोडियमच सोडियम, एवढंच बोलले आणि हे म्हणाले, "मग चोपण होणार." द्राक्षवाल्याला चोपण जमीन सांगावी लागत नाही. सोडियम वाढलं की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी वर तळं करून उभं राहतं. शोषखड्ड्याच्या भिंतीवर म्हातारी जे बाहेरून करते तेच सोडियम मातीच्या आतून करतं. टाकी उपसली त्या दिवशी मी सगळा दोष म्हातारीला दिला होता. तो अर्धाच तिचा.

ठरलं ते असं. पावडर बंद, द्रव साबण, तोही बाटलीच्या झाकणावर लिहिलाय त्याच्या निम्मा. कपडे तितकेच निघतात. चर ३० फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल. खाली खडी, त्यात भोकांचा पाइप, वर जुनी गोणपाटं आणि माती. तळाला थोडं जिप्सम, सोडियमवर उतारा म्हणून. काठानं कर्दळ, टोकाला दोन नारळ. द्राक्षबागेपासून लांब, वेलीला सोडियम सोसत नाही. विहिरीपासून १८ मीटर तरी हवं असं मानकात आहे, आमचं अंतर पंचवीस भरलं.

२५ मे २०२५, रविवार

चर खणून तयार होता, खडी उद्या येणार होती. पाऊस मात्र आधीच आला. मे महिन्यात! आठवडाभर ढगफुटीसारखा पडतोय, सगळीकडे कांदा भिजतोय. आमच्या चराचा कालवा झाला, दोन्ही काठ ढासळले. दीर त्यात कागदी होड्या सोडत होते, पोरांसाठी म्हणे.

२२ जून २०२५, रविवार

उघडीप मिळाली. चर पुन्हा साफ, खडी, पाइप, गोणपाट, माती. कर्दळीचे कंद शाळेच्या मागून आणले. यंत्राचं पाणी आज चरात सोडलं. संडासाच्या लाइनीचं ते तोंड सिमेंटनं बंद.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

शोषखड्ड्याची पातळी दर महिन्याला दोरीला दगड बांधून मोजते आहे, झाकणापासून खाली. डिसेंबरात दीड फूट. एप्रिलअखेर पाच. आज, ऐन पावसाळ्यात, साडेतीन. गेल्या पावसाळ्यात तो काठाला आला होता, एवढं सगळ्यांना आठवतं. आकडा कोणी लिहिलेला नाही. पाण्याला मधे विश्रांती मिळाली की भिंतीवरची बुळबुळ थोडी कुजते, वाट मोकळी होते. मणी होणारा भाग आहे तिथेच असणार.

हवेच्या पाइपाची जाळी फाटली होती, क्युलेक्स डासांची ये-जा चाललेली. लग्नपत्रिकेच्या कापडाचा ४० मेशचा उरलेला तुकडा तिथे बांधला. वाया काहीच जात नाही.

पिशवी आजवर दोनदा तुंबली. दोन्ही वेळा जाऊच्या पावलांवर पाणी आलं, दोन्ही वेळा तिनं यंत्र चालू असतानाच पिशवी बदलली. मला हे महिन्यानंतर कळलं. मला सांगायची गरज तिला वाटली नव्हती.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

घट बसायच्या आधीचं धुणं. गोधड्या, चादरी, पडदे, सोलापुरी टॉवेलांचा ढीग. गोधड्या यंत्रात मावत नाहीत, त्या नेहमीप्रमाणे दगडावर. उरलेलं तीन दिवसांत वाटून, दिवसाला दोन धुणी. टॉवेलांच्या एकाच धुण्याला ३ ग्रॅम. टॉवेल नवे होते.

दगडाचं पाणी अजून केळीला जातं, तिथून पावसात ओढ्याला. ओढा जातो गोदावरीकडे, आणि पुढे नांदूर मध्यमेश्वर. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत २०२० साली गेलेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. गोधड्या जुन्या लुगड्यांच्या, सुती, म्हणून आज डोळेझाक केली. पण सासूबाईंच्या नव्या गोधडीला आत लेकीच्या पॉलिएस्टर ओढण्या आहेत. दगडाखालच्या मोरीला जाळी लावायची, हे काम वहीत लिहून ठेवलं.

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

थंडी उतरली. पाहुण्यांनी दिलेलं मिंक ब्लँकेट, गुलाबी, वाघाचं चित्र, शंभर टक्के पॉलिएस्टर. पहिलं धुणं एकट्याचं लावलं, मुद्दाम. अर्ध्यातच फरशीवर पाणी. पिशवी काढली तर आतून गुलाबी मखमल. वाळवून तोललं : ७ ग्रॅम. प्लिमथ विद्यापीठानं २०१६ मध्ये मोजलं होतं, सहा किलो ॲक्रिलिकच्या धुण्यातून सात लाखांवर धागे सुटतात. तेव्हा मला तो आकडा वाचून काही वाटलं नव्हतं. आज हातात धरला.

दुसऱ्या धुण्याला ३ ग्रॅम, तिसऱ्याला दीड. म्हणजे नवं ब्लँकेट पहिल्या दोन-तीन धुण्यांतच सर्वांत जास्त झडतं. त्यानंतर ते वर्षातून एकदाच धुवायचं, बाकी उन्हात टाकायचं, असं सासूबाईंनी जाहीर केलं. त्या गोधडीच पांघरतात, त्यामुळे जाहीर करणं सोपं होतं.

बाकी कामं : दगडाखालच्या मोरीची जाळी. दोन नव्या पिशव्या, ८० मेश, शिवण दुमडून. चराच्या तोंडाशी कर्दळ फार दाटली आहे, विरळ करायची. टाकी पुढे डिसेंबर २०२७ मध्ये उपसायची, भरो न भरो. गाडीवाल्यांचा नंबर मीटरच्या पेटीच्या दारावर आतून खडूनं लिहिला आहे. शेजारी जाऊनं तिच्या अक्षरात लिहिलंय : पिशवी धुवायची नाही, वाळवायची.